आधी साहेब, मग माणसं

फाटकापाशी सकाळच्या फेरीची माणसं जमत होती, तेव्हा ताईने त्याला आवाजावरून ओळखलं. चेहऱ्यावरून काही ओळखलं नसतं. गाल उतरले होते, केस गेले होते, वर उन्हाची टोपी होती. पण बोलायच्या आधी घसा खाकरायचा आणि आजूबाजूची माणसं गप्प होईपर्यंत थांबायचं, ही खोड तिने जन्मात एकाच माणसाची पाहिली होती. तो खाकरला, थांबला आणि म्हणाला, "ही सगळी जमीन मी साफ केलीय बरं का."

ताईच्या हातातला चहा हातातच राहिला. इतकी वर्षं तिने या माणसावर दात धरला होता, आणि तो आज तिकीट काढून आपल्या पायांनी दारात आला होता.

इथे पूर्वी लष्कराची चांदमारी होती. दोन पिढ्या तोफांनी या टेकड्या झोडपून काढल्या. पुढे लष्कराला दुसरीकडे जागा मिळाली, तेव्हा त्यांनी तंबू उचलले, तारा उचलल्या, खाटाखुर्च्या उचलल्या, आणि न फुटलेले गोळे तेवढे मातीत ठेवून गेले. त्या गोळ्यांच्या भीतीने इथे कुणी घर बांधलं नाही की नांगर घातला नाही. माणूस फिरकला नाही म्हणून ससे, हरणं, पाखरं सुखाने वाढली. मग सरकारने जमीन साफ करून घेतली आणि राखीव जंगल म्हणून खुली केली. आता तिथे पिवळ्या डोक्याच्या खांबांमधून एक सोपी वाट जाते. सोपी म्हणजे इतकी, की गुडघे बदललेल्या आज्याही चालून येतात आणि घरी गेल्यावर डोंगर चढल्याच्या गप्पा मारतात. त्या वाटेवर लोकांना फिरवणं हे ताईचं काम. लहानथोर सगळेच तिला ताई म्हणतात.

जमीन साफ करणाऱ्या पथकात तिचा मोठा भाऊ होता. आणि त्या पथकाचे मुख्य होते हे साहेब.

पथकाची एक रीत होती. एखादा पट्टा तपासून झाला, गोळे काढून झाले, की साहेबाने सगळ्यांच्या देखत एकट्याने त्या पट्ट्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. ते पलीकडे पोचले की मगच बाकीच्यांनी आत शिरून खुंट्या आणि फिती गोळा करायच्या. आधी साहेब, मग माणसं. नियमांच्या पुस्तकात हे होतं की नाही कोण जाणे, पण पथकातली माणसं ते आईच्या शपथेसारखं मानायची. ज्याने साफ म्हटलं, पहिला पाय त्याचा. एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर ती माणसं रोज त्या मातीत उतरायची.

माथ्याजवळच्या उतरणीवर साहेब चालले नाहीत. दिवस कलला होता, दुसऱ्या दिवशी वरचे पाहुणे बघायला यायचे होते, आणि पट्टा अर्धाच तपासून झाला होता. साहेबांनी तो साफ म्हणून जाहीर केला आणि दादाला म्हणाले, जा, खुंट्या उपटून आण. दादा गेला. त्याचा आवाज खालच्या वस्तीपर्यंत ऐकू आला. म्हणजे गोळ्याचा. दादाचा आवाज निघायला वेळच मिळाला नाही.

चौकशीत साहेबांनी सांगितलं की पोराने कुठूनतरी गोळा उचलून आणला होता आणि पितळेच्या लोभाने आडोशाला बसून फोडत होता. पथकातल्या दोघांनी खरं काय ते डोळ्यांनी पाहिलं होतं. ते एका संध्याकाळी येऊन आईला सगळं सांगून गेले, रडलेसुद्धा. पण चौकशीच्या खोलीत त्यांच्या तोंडाला कुलूप. बायकापोरं सगळ्यांनाच असतात. मेलेला माणूस काही उठून उलट बोलत नाही. दादा भंगारचोर ठरला.

आई तेव्हा एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दादा गेल्यावर पंधरवड्यात तिच्याकडची कोठीची किल्ली काढून घेतली. कुणी काही बोललं नाही, नुसती किल्ली मागितली. आईने ती कमरेची सोडून दिली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. ती आता म्हातारी झालीय, कान गेलेत, पण टीव्हीवर चोर हा शब्द दिसला तरी उठून आत जाते. ताईला साहेबांचा जीव नको होता. तिला त्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, चारचौघांत, मोठ्याने, आणि ते बोलताना त्यांचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं. तेवढ्यासाठी तिने ही नोकरी धरली होती म्हटलं तरी चालेल. केव्हातरी तो आपली करणी बघायला येईल, अशी तिची खात्री होती. फुशारकी मारणाऱ्या माणसाला प्रेक्षक लागतात.

प्रेक्षक त्यांनी घरूनच आणला होता. साहेबांबरोबर त्यांची बायको होती, गोलमटोल, हसरी, गळ्यात पाण्याची बाटली आणि पिशवीत सगळ्यांना पुरतील एवढी बिस्किटं. त्यांना सगळे लगेच काकू म्हणू लागले. बाकी फेरीत शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या दोघी बहिणी होत्या आणि पाखरांचे फोटो काढणारे एक दाताचे डॉक्टर होते. साहेबांनी ताईकडे एकदा पाहिलं, तेही तिकीट देताना. चौकशीच्या दिवशी आईच्या मागे उभ्या असलेल्या मुलीकडे तर त्यांनी तेवढंही पाहिलं नव्हतं.

"चला," ताई म्हणाली. "खांब सोडून बाहेर जायचं नाही. वाट सोपी आहे."

वाट सोपी होती, बोलणं मात्र एकाच माणसाचं चाललं होतं. गंजक्या रणगाड्यापाशी आले तेव्हा डॉक्टर नळीतल्या घरट्याचा फोटो घेऊ लागले, तर साहेबांनी त्यांना बाजूला करून आपण या रणगाड्याखालून काय काय काढलं ते सांगितलं. खंदकापाशी तेच. बहिणी बिचाऱ्या माना डोलावत होत्या. काकूंनी ही सगळी कहाणी किती वेळा ऐकली असेल कोण जाणे, पण त्या नव्याने ऐकल्यासारख्या कौतुकाने बघत होत्या, आणि ताईला त्यांचाही राग आला. आला म्हणजे आला.

"प्रत्येक पट्ट्यावर पहिला मी चालायचो," साहेब म्हणाले. "प्रत्येक. माझा जीव आधी, मग पोरांचा."

"खरंच हो," काकू ताईला म्हणाल्या. "यांनी फार जिवावर उदार होऊन काम केलं. आणि त्यात तो एक मुलगा गेला ना. भंगार चोरायला गेला होता म्हणे. तरी यांनी कितीतरी दिवस नीट अन्न घेतलं नाही."

"जाऊ दे ना आता," साहेब म्हणाले. "तो विषय कशाला?"

चोर तो चोर आणि वर शिरजोर. ताईच्या कानशिलांत रक्त चढलं. तिने बिस्किट घेतलं, थँक्यू म्हटलं आणि ते तोंडात न घालता मुठीत चुरून टाकलं.

तळ्याआधी वाटेला दोन फाटे आहेत. जुनी वाट तळ्याच्या काठाने जाते. साहेब सवयीने तिकडे वळले.

"इकडून, साहेब," ताई म्हणाली. "आता वरून जातो आपण. उतरण ओलांडून पलीकडे उतरायचं, की थेट उपाहारगृह."

साहेब थांबले. "वरून कशाला? तळं बघू की."

"अहो, वरून लांबवर दिसत असेल," काकू म्हणाल्या. "चला ना." आणि त्या निघाल्यासुद्धा.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती उतरण स्वच्छ होती. गेल्या वर्षी नवीन पथक आलं होतं, त्यात जुन्या पथकातल्या त्या दोघांपैकी एकजण होता, आणि त्याने हट्ट धरून ती पुन्हा तपासायला लावली. मातीत आणखी गोळे निघाले. कार्यालयाने म्हटलं, पावसात वरून वाहून आले असतील. त्या उतरणीच्या वर फक्त आभाळ आहे, पण कार्यालयाला कोण समजावणार? दादाच्या नावावरचा डाग काही त्याने निघाला नाही. मात्र उतरण पुरती साफ झाली, नव्या पथकाची मुख्य बाई सगळ्यांसमोर तिच्यावरून चालली, तिच्या पाठोपाठ ताई चालली, आणि चारच दिवसांपूर्वी वाट लोकांसाठी खुली झाली. पिवळे खांब अजून रोवायचे होते. ते कडेला ढीग घालून ठेवले होते. गवतही अजून मळलेलं नव्हतं. ताई प्रत्येक फेरीला इथे थांबून लोकांना सांगायची, घाबरू नका, ही उतरण दुसऱ्यांदा तपासलीय.

आज तिने ते वाक्य गिळलं. तिने केलं ते एवढंच.

सगळे उतरणीच्या अलीकडच्या कडेला येऊन उभे राहिले. समोर गुडघाभर गवत वाऱ्याने लवत होतं. साहेबांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

ताईने पथकाची रीत सांगितली. ज्याने साफ म्हटलं, पहिला पाय त्याचा. ती इतकी रंगवून सांगितली की बहिणींच्या अंगावर काटा आला. "आणि हा पट्टा," ती म्हणाली, "आपल्या साहेबांनीच साफ केलेला. मग आज त्यांनीच पुढे चालायचं. आम्ही मागून येतो."

बहिणींनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी कॅमेरा सरसावला.

"छे छे, आता कसलं," साहेब हसले. हसू ओठांवरच राहिलं. "माझा गुडघा दुखतोय."

"आत्ता तर टणाटण चालत होता," धाकटी बहीण म्हणाली.

"उतारावर दुखतो."

"कितीसा उतार आहे, साहेब," ताई म्हणाली. "तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या पायाखालची जमीन आहे."

साहेबांनी पुन्हा घसा खाकरला, पण पुढे शब्द आला नाही. त्यांची पाचावर धारण बसली होती आणि ते फक्त ताईला दिसत होतं. त्यांच्या लेखी ही उतरण तशीच होती, अर्धी तपासलेली. जी कागदोपत्री साफ आहे ती परत कोण तपासतो? आपण मारलेली थाप अजून मातीत जिवंत आहे, असं त्यांना वाटत होतं. ताईला ते बघून इतकं बरं वाटलं की तिला हळूहळू श्वास घ्यावा लागला.

"एवढंच ना?" काकू म्हणाल्या. "मग यांच्या वतीने मी चालते. बायको म्हणजे अर्धं अंग." आणि बाटली सावरत त्या गवतात शिरल्या.

"अगं..." साहेब म्हणाले. "पाय घसरेल."

"बूट आहेत हो!"

ताईने काकूंकडे पाहिलंच नाही. तिची नजर साहेबांच्या तोंडावर होती. आता ओरडेल, ती मनात म्हणाली. परक्याच्या पोरासाठी नाही ओरडला, बायकोसाठी तरी ओरडेल. थांब, तिथे साफ नाही, एवढे चार शब्द. काकू पाचपन्नास पावलं गेल्या. त्या वाकल्या, एक निळं फूल खुडलं. मोज्याला कुसळं चिकटली म्हणून त्यांनी जमिनीवर दोनदा जोरात पाय आपटला.

साहेबांनी डोळे मिटले. आणि एक पाऊल मागे सरकून ते दाताच्या डॉक्टरांच्या आड उभे राहिले.

ताई थिजली. या माणसाबद्दल तिने वाईटात वाईट जे चिंतलं होतं, त्यातही हे नव्हतं.

नेमक्या त्याच वेळी काकू फूल दाखवायला मागे वळल्या होत्या. हातातलं फूल उंच धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग उरलेली उतरण ओलांडून पलीकडच्या कडेला पोचल्या आणि तिथून हाक मारली.

"अहो! डॉक्टरांच्या मागे का लपलात?"

मोठी बहीण हसली आणि साहेबांचा चेहरा बघून गप्प झाली. डॉक्टर बाजूला झाले. साहेब उघड्यावर पडले.

"या ना इकडे," काकू म्हणाल्या. आवाज मुळीच चढलेला नव्हता, पण वारा त्यांच्या बाजूने होता आणि शब्द न् शब्द ऐकू येत होता. "तुम्ही इथे चालला होतात ना? प्रत्येक पट्ट्यावर पहिले?"

साहेबांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

"मग मी येते परत," काकू म्हणाल्या आणि त्यांनी गवतात पाय टाकला.

"नको!" साहेब किंचाळले. "आहेस तिथेच थांब! हलू नकोस!"

"का?"

"तिथे... तिथे मी चाललो नव्हतो."

"ऐकू नाही आलं."

"चाललो नव्हतो! तपासून झालाच नव्हता तो पट्टा!"

ताई दोन पावलं पुढे आली. "मग खुंट्या काढायला कोण गेलं होतं, साहेब?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. आज पहिल्यांदा नीट पाहिलं. "तू कोण?"

"त्याची बहीण. तुम्ही चोर ठरवलात ना, त्याची."

मग खाली बघत ते म्हणाले, "मी पाठवलं होतं त्याला."

"वर बघून सांगा. पितळेचं काय?"

"पितळबितळ काही नव्हतं. मी पाठवलं होतं. तो नको म्हणत होता. म्हणाला, साहेब, तुम्ही चालला नाहीत अजून."

हे मात्र ताईला ठाऊक नव्हतं. दादा नको म्हणाला होता. तिचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत, कारण तिला एक क्षणही नजर काढायची नव्हती. लोक म्हणतात, सूड घेऊन माणसाला समाधान मिळत नाही. ज्यांना घेता आला नाही त्यांनी ते काढलेलं असणार. ताईला मिळालं, भरपूर मिळालं.

मग तिने बहिणींकडे वळून रोजचं वाक्य म्हटलं. "घाबरू नका. ही उतरण दुसऱ्यांदा तपासलीय. नव्या पथकाच्या बाई स्वतः चालल्यात, मी रोज चालते. या माझ्या मागून."

बहिणी एकमेकींचे हात धरून निघाल्या. डॉक्टरांनी कॅमेरा बंद करून गळ्यात टाकला आणि साहेबांकडे न बघता मागोमाग गेले. पलीकडे काकू एका दगडावर बसल्या होत्या. फूल मांडीवर होतं.

"तुम्हाला माहीत होतं, हे साफ आहे?" त्यांनी विचारलं.

"हो, काकू. नाहीतर तुम्हाला पाऊल टाकू दिलं नसतं. तरी तुम्हाला यात ओढलं, ते माझ्याकडून झालं."

काकूंनी ते शेवटचं ऐकलंच नसावं. "आणि त्यांना माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं."

काकूंनी मान हलवली. मग गळ्यातली बाटली उघडून पाणी प्यायल्या, झाकण घट्ट लावलं आणि उठल्या. "कुठून उतरायचं?"

"साहेब," ताईने हाक मारली, "या. साफ आहे."

साहेबांनी एक पाय उचलला. गवताकडे पाहिलं. पलीकडे उभ्या असलेल्या जिवंत, धडधाकट पाच माणसांकडे पाहिलं, आणि पाय परत होता तिथे ठेवला. दुसऱ्या कुणी विश्वास ठेवला असता. पण जमीन साफ आहे असं माणसं कशी सांगतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मी... मी तळ्याकडून येतो," ते ओरडले. "थांबा तिथे."

"थांबू का, काकू?" ताईने विचारलं.

"कशाला?" काकू म्हणाल्या आणि उतरू लागल्या.

बाकीचे त्यांच्या मागे गेले. ताई जरा मागे रेंगाळली. साहेब पलीकडच्या वाटेने एकटेच परत फिरले होते. वाट चांगली रुंद, शेकडो पायांनी मळलेली, तरी ते बरोबर मधोमध, पुढच्या जमिनीकडे बघत, एकेक पाऊल चाचपून टाकत चालले होते. ताईने ते मन लावून पाहून घेतलं, कारण घरी आईला सगळं मोठ्याने सांगायचं होतं, आणि आई एकेक गोष्ट दोनदा विचारणार होती.